दहा डिग्री, दहा मिनिटं

२ एप्रिल, सकाळी ६.३०

नवी वही. रोज लिहायचं ठरवलं आहे. वाचणारं कोणी नाही, त्यामुळे खोटं लिहायचं काही कारणच नाही.

क्लबने काल घरी टब पाठवला. चार माणसांनी घामाघूम होऊन जिन्यावरून वर चढवला आणि मागच्या व्हरांड्यात ठेवला. शेजारी एक मशीन. ते पाणी गार करतं आणि गारच ठेवतं. दहा डिग्री. मॅचनंतर, किंवा दमवणारी प्रॅक्टिस झाली की, त्यात गळ्यापर्यंत दहा मिनिटं बसायचं. स्नायूंची सूज उतरते, दुसऱ्या दिवशी माणूस टवटवीत. फिजिओ असं सांगत होता जणू टबातून उठताना वय मागे टाकूनच बाहेर यायचं.

मी सदतीस वर्षांचा गोलकीपर. नऊ वर्षं या क्लबचा एक नंबर. प्रेक्षक मला ‘भिंत’ म्हणतात. करार मे महिन्यात संपतो. परवा कोच सगळ्यांसमोर म्हणाला की तिशी उलटलेल्यांना आणखी एक वर्ष हवं असेल तर त्यांनी रिकव्हरी दाखवावी. बोलत होता सगळ्यांशी, बघत होता माझ्याकडे.

संकल्प: दहा डिग्री, दहा मिनिटं, न चुकता. उद्यापासून. आज पाणी अजून नीट गार झालेलं नसणार.

३ एप्रिल, सकाळी ७.००

पाणी नीट गार झालं आहे.

३ एप्रिल, सकाळी ७.४०

अंगठा बुडवला. डावा.

एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवतो. मला गार पाण्याची भीती वाटत नाही. धावत येणाऱ्या स्ट्रायकरच्या बुटांत डोकं घालणारा माणूस मी, मी काय पाण्याला भिणार? प्रश्न भीतीचा नाहीच, शास्त्राचा आहे. शरीराला सवय हळूहळू लावावी. आज अंगठा, उद्या पाऊल, परवा घोटा.

बायकोला हा कार्यक्रम समजावून सांगितला. ती शाळेत गणित शिकवते. तिने चहा गाळता गाळताच सांगितलं की या वेगाने गळा जूनमध्ये येईल आणि करार मेमध्ये संपतो. हिला कोणी विचारलं होतं?

६ एप्रिल

मॅच जिंकलो, १-०. दोन बॉल असे अडवले की काय सांगू.

मॅचनंतर सगळी टीम क्लबमधल्या बर्फखोलीत. उणे एकशे दहा. तीन मिनिटं. चड्डी, मोजे, हातमोजे, तोंडाला मास्क, बस्स. मला नेमकं तेव्हाच कानात दुखायला लागलं. कान ही नाजूक वस्तू आहे. मी बाहेरच थांबलो.

दोन नंबरचा गोलकीपर आत गेला आणि काचेतून मला हात हलवून दाखवत होता. एकोणतीस वर्षांचा घोडा. चार वर्षं बाकावर बसून माझ्या जागेवर डोळा ठेवून आहे. आत गेल्यावर चक्क नाचत होता. ते जाड दार धाडकन बंद झालं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. त्याच्या काळजीने.

८ एप्रिल, संध्याकाळी

फिजिओने पट्टा दिला. छातीला बांधायचा. पाण्यातही चालतो. हृदयाचे ठोके आणि अंगाचं तापमान मोजतो आणि जागच्या जागी फिजिओच्या लॅपटॉपवर पाठवतो. म्हणजे घरी बसून थापा मारायची सोय गेली. माझी नव्हे, इतरांची.

पट्टा बांधून टबाजवळ उभा राहिलो. नुसता उभा. फिजिओचा फोन. विचारत होता की धावतोयस का, ठोके एकशे बावन्न दिसतायत. मी म्हणालो, वॉर्म-अप. तो म्हणाला की गार पाण्यात बसण्याआधी वॉर्म-अप करणारा मी पहिलाच.

मग मात्र धीर करून उजवा पाय गुडघ्यापर्यंत घातला. तोंडातून एक आवाज निघाला. बायको बाथरूममधून साबणाच्या हातांनी धावत आली, तिला वाटलं मी जिन्यावरून पडलो. एकूण वेळ अकरा सेकंद.

९ एप्रिल

फिजिओचा मेसेज: अकरा सेकंद? पट्टा सैल होता का?

कोच शुक्रवारी सगळ्यांचे आकडे बघणार.

प्रॅक्टिसमध्ये एक साधा बॉल हातातून निसटला आणि दोन नंबरने तो उचलून मला दिला, तोही हसून. करार गेला तर मी काय करणार? मला बॉल अडवण्यापलीकडे काही येत नाही. बँकेचा फॉर्मसुद्धा बायको भरते.

१० एप्रिल, दुपारी

पट्ट्याची चाचणी यशस्वी.

झालं असं. सासूबाई आमच्याकडेच राहतात, त्यांची खोली व्हरांड्याला लागून. वय सहासष्ट. तीस वर्षं एका कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर होत्या. उन्हाने त्यांचे पाय सुजतात. मी टबाकडे बघत उभा होतो. त्या आल्या, कोपरापर्यंत हात घालून पाणी ढवळलं आणि विचारलं की हे असंच वाया घालवायचंय का. मी म्हणालो, आई, फार गार आहे. त्या म्हणाल्या की याला गार म्हणत नाहीत. मग जुना गाऊन घालून आल्या, कठडा धरून आत उतरल्या आणि गळ्यापर्यंत बसल्या. वर मलाच चष्मा आणि पेपर आणून द्यायला सांगितला.

सुरक्षेची जबाबदारी माझी होती. म्हणून उतरण्याआधी त्यांना पट्टा बांधायला दिला आणि बजावलं की पट्ट्याशिवाय या पाण्यात कधीही बसायचं नाही. दहा मिनिटं बसल्या. मृत्युलेखांचं पान वाचून झालं नव्हतं म्हणून आणखी दोन.

फिजिओचा मेसेज: जबरदस्त! हे हवं होतं!

त्याला खुलासा करणार होतो. पण तो बिझी असणार.

१७ एप्रिल

आठवड्यात पाच वेळा बसल्या. मी शेजारी स्टूल टाकून बसतो. एका अर्थी आम्ही दोघं मिळून करतो आहोत.

आज मीटिंगमध्ये कोचने भिंतीवर माझा ग्राफ दाखवला. ठोके पहिल्या मिनिटात थोडे वर, मग संथ, सरळ रेघ. कोच म्हणाला की बघा, सदतीसाव्या वर्षी ही रिकव्हरी, लाजा वाटू द्या. दोन नंबरचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. सगळे टाळ्या वाजवत होते. मी नम्रपणे मान खाली घातली.

विचारलं म्हणून दोन शब्द बोललो. श्वास कसा सोडायचा, थंडीला शत्रू का मानायचं नाही, मन कुठे ठेवायचं. वीस मिनिटं झाली. फिजिओ लिहून घेत होता.

बायकोने घरी विचारलं की ग्राफ कोणाचा आहे हे क्लबला माहीत आहे ना. मी म्हणालो की टब आपल्या घरातला, पट्टा आपल्या घरातला, म्हणजे ग्राफही आपल्या घरातलाच. ती वह्या तपासायला निघून गेली.

२४ एप्रिल

नऊ दिवसांत तिसरी मॅच. बाकीच्यांना कोच आलटून पालटून विश्रांती देतो. मला नाही. ग्राफ सांगतो मी ताजा आहे, आणि ग्राफशी भांडणार कोण?

ऊन मरणाचं. हाफ टाइमला बर्फाचं जॅकेट घालायला देतात, खिशांत बर्फाच्या पिशव्या. मी आत दोन टॉवेल कोंबतो, त्यामुळे काहीही लागत नाही. गारही लागत नाही. शेवटच्या वीस मिनिटांत डोळ्यांपुढे काजवे. तीन गोल खाल्ले. तिसऱ्याच्या वेळी मी खाली वाकलो आणि वर येण्याचा विषयच संपला. दोघांनी धरून उभा केला.

कोचने विचारलं की दमलायस का. मी काय सांगणार? म्हणालो, छे!

गुडघा पावासारखा फुगला आहे. सासूबाईंनी शेकायला गरम पाण्याची पिशवी दिली. मग स्वतः टबात गेल्या.

३ मे, दुपारी १२.००

क्लबच्या डॉक्टरांनी खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं. डॉक्टर दार लावून घेतात तेव्हा चांगलं काही नसतं.

म्हणाल्या की गेल्या तीन वेळच्या नोंदींत ठोके चुकताहेत. मध्येच थांबतात, मग घाईघाईने दोन-तीन एकदम. म्हणाल्या की गार पाण्याने हृदयावर ताण येतो, नशीब की वेळीच दिसलं. खेळ बंद, टब बंद, सात तारखेला मोठ्या हॉस्पिटलात तपासणी. पट्टा त्यांनी काढून घेतला. खांद्यावर हात ठेवला. तो हात ठेवणं मला अजिबात आवडलं नाही.

जिना तीनदा बसून चढलो.

३ मे, दुपारी ४.००

पलंगावर पडून आहे. मनगट धरून ठोके मोजतोय. चुकतायत. स्पष्ट चुकतायत. एक, दोन, तीन, मग काहीच नाही, मग पाच. सदतीस हे काय जायचं वय आहे? अजून बघितलंय काय मी? गोलपोस्टच्या मध्ये उभं राहून समोरचं अर्धं मैदान, एवढंच.

माझे हातमोजे भाच्याला द्यावेत. दोन नंबरला देऊ नयेत. त्याने मागितले तरी देऊ नयेत.

बायकोला फोनवर एवढंच सांगितलं होतं की डॉक्टरांना माझे ठोके चुकताना दिसले; ती शाळेतून लवकर आली आणि हात धरून बसली. रडली नाही, पण नाक लाल झालं होतं. सासूबाईंनी पाणी आणून दिलं, म्हणाल्या की तुम्ही आता स्वतःला जपायला हवं. त्यांना आज टबात बसायचं होतं, पण पट्टा नाही म्हणून बसल्या नाहीत. नियम म्हणजे नियम, म्हणाल्या.

इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. ही वही कोणी वाचत नाही म्हणून लिहितो.

४ मे, सकाळी ५.५०

पट्टा!!

ते ठोके माझे नाहीतच! मी त्या पाण्यात गुडघ्याच्या वर कधी गेलोच नाही! अरे गाढवा! कालपासून उगाच मरतोय!

मी ठणठणीत आहे. उठून वीस बैठका मारल्या. चार अंड्यांचं ऑम्लेट करून खाल्लं. गाणं म्हटलं. बायको झोपेतून उठून दारात आली आणि मला नाचताना बघून घाबरली. तिला म्हणालो, काही नाही, बरं वाटतंय. आयुष्य काय सुंदर असतं!

४ मे, सकाळी ६.१०

सासूबाई.

४ मे, दुपारी ३.००

शांत डोक्याने विचार करायला हवा.

डॉक्टरांना आजच सांगितलं तर फसवणूक म्हणून करार जाणार, नऊ वर्षांचं नाव जाणार, आणि टीममधला प्रत्येक जण मरेपर्यंत मला सासूबाईंवरून चिडवणार. न सांगावं तर सात तारखेला माझं हृदय खणखणीत निघणार, सगळे म्हणणार पट्टाच बिघडला होता, विषय संपला.

आणि सासूबाईंना काही त्रास आहे असं दिसत तरी नाही. आज दोन जिने चढून भाजी आणली. वर आल्यावर थोडा वेळ कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. ते कोणीही राहील.

शिवाय पट्टा नाही तोवर त्या टबात बसणार नाहीत. म्हणजे धोका तसा टळलेलाच आहे.

संकल्प: करारात न अडकता त्यांना डॉक्टरकडे न्यायचं. युक्तीने.

५ मे

युक्ती केली. सांगितलं की क्लबतर्फे खेळाडूंच्या घरच्यांची मोफत हृदयतपासणी आहे. त्यांनी विचारलं की आणखी कोणाकोणाच्या घरचे येतायत. मी जरा अडखळलो. मग म्हणाल्या की तीस वर्षांत एक दिवस आजारपणाची रजा घेतली नाही, आता फुकट मिळतंय म्हणून छाती दाखवत फिरू का. आणि ठोके तुमचे चुकतायत, माझे नव्हेत.

विषय बदलला.

बायकोलाही सांगायचं होतं. ती पेपर तपासत होती. तिच्या कामात कशाला व्यत्यय.

७ मे

छातीला वायरी लावून मला ट्रेडमिलवर पळवलं. हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितलं की हृदय उत्तम आहे. आत येताना माझी चाल बघितली म्हणून गुडघे मात्र दाखवून घ्या म्हणाले.

क्लबच्या डॉक्टर हसल्या. पट्टा बिघडलेला असणार, नवा मागवते म्हणाल्या. कोचने पाठ थोपटली. बारा तारखेला अकरा वाजता करारावर सही. पंधराला शेवटची मॅच, गोलमध्ये मीच.

तिथे सांगायला हवं होतं. डॉक्टर समोर होत्या, दार बंद होतं, मी तोंड उघडलंसुद्धा. थँक यू म्हणालो आणि बाहेर आलो.

९ मे

सासूबाई जिन्यात मध्येच बसल्या. ओठ पांढरे पडले होते. मी वरून तीन-तीन पायऱ्या उड्या मारत गेलो, गुडघ्याची पर्वा केली नाही. म्हणाल्या की ऊन लागलं, जरा गरगरलं. त्यांच्याजवळ बसून राहिलो. त्यांनी पदराने माझ्याच कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाल्या की तुम्ही किती घाबरता हो.

बायकोला त्यांनी सांगू दिलं नाही. म्हणजे, मी सांगतो म्हणालो नव्हतो, पण म्हणालो असतो तरी त्यांनी सांगू दिलं नसतं.

१० मे, दुपारी

त्या दुपारी झोपल्या की मी दाराशी उभा राहून त्यांचं घोरणं ऐकतो. मध्येच ते थांबतं. मग माझाही श्वास थांबतो. मग पुन्हा सुरू होतं. आज चाळीस मिनिटं उभा होतो. पेनल्टी घ्यायला कोणीतरी उभं आहे आणि शिट्टी वाजतच नाही, तसं झालं आहे.

जेवण जात नाही. बायको म्हणते की तपासणी चांगली आली तरी तू असा का दिसतोस.

पक्कं ठरवलं. बाराला अकरा वाजता सही, बाराला बारा वाजता डॉक्टरांना सगळं सांगायचं. सही झाली की ते करार फाडू शकत नाहीत, बहुतेक. फक्त दोन दिवस. दोन दिवसांत काय होतंय?

१२ मे, सकाळी १०.४०

क्लबच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून लिहितोय. नवा शर्ट. स्वतःचं पेन आणलं आहे. अजून एक तास वीस मिनिटं, मग सगळं खरं बोलणार. फार हलकं वाटेल.

१२ मे, दुपारी ४.००, हॉस्पिटल

आत्ताच लिहितो, नाहीतर उद्या मी हे वेगळंच लिहीन.

टेबलाभोवती कोच, क्लबच्या डॉक्टर आणि फिजिओ. करार तीन पानांचा, प्रत्येक पानावर सही. पेनाचं टोपण काढलं, तेवढ्यात फिजिओचा लॅपटॉप वाजायला लागला. फिजिओ म्हणाला की अरे, नवा पट्टा सकाळीच तुझ्या घरी पाठवला होता, तो सुरू झाला वाटतं. मग स्क्रीनकडे बघून हसला. म्हणाला की आकडे सांगतायत तू आत्ता दहा डिग्री पाण्यात बसलायस.

कोचही हसला. डॉक्टर पुढे वाकल्या. म्हणाल्या की हाही बिघडलेलाच आला, बघा, पुन्हा तेच, ठोके चुकतायत, आता तर फारच. बंद करा तो.

मला कळलं. त्याच क्षणी कळलं. घरी पट्टा आला, सासूबाईंनी तो बघितला. पट्टा असला की बसायचं, नियम मीच घालून दिला होता. बायको शाळेत. घरात दुसरं कोणी नाही.

आणि मी पहिल्या पानावर सही केली.

पूर्ण नाव लिहिलं. खाली रेघसुद्धा मारली. फिजिओ लॅपटॉप मिटायला निघाला होता. सगळं माझ्या मनासारखं होत होतं. गप्प बसलो असतो तर दोन पानं राहिली होती, दोन मिनिटांचं काम.

मी उभा राहिलो आणि म्हणालो की पट्टा बिघडलेला नाही, त्या पाण्यात माझी सासू आहे.

कोणी हसलं नाही. कोचने विचारलं, कोण आहे? मी म्हणालो की सासू, सहासष्ट वर्षांच्या आहेत, पहिल्यापासून त्याच बसतात. पुढचं बोलताना रडूच यायला लागलं. ओरडलो की गाडी पाठवा, त्यांना बाहेर काढा. डॉक्टर एव्हाना फोनवर पत्ता सांगत होत्या. घरी फोन लावला, वाजत राहिला. त्या पाण्यात होत्या, उचलणार कशा? शेजाऱ्यांना लावला. त्यांच्याकडे आमची किल्ली असते. ते धावत वर गेले.

मी पळत गाडीकडे गेलो. कित्येक महिन्यांत इतका जोरात पळालो नव्हतो. मोठ्याने म्हणत होतो, आई बाहेर या, आई बाहेर या. सिग्नलला शेजारच्या गाडीतला माणूस काच वर करून बघत होता.

घरापाशी पोचलो तेव्हा त्यांना स्ट्रेचरवरून खाली आणत होते. शेजाऱ्यांनी टबातून काढलं तेव्हा डोळे अर्धवट मिटलेले होते, पेपर पाण्यावर तरंगत होता. आत्ता शुद्धीवर आहेत. आत तीन डॉक्टर आहेत. मी बाहेर बाकावर.

देवा, त्यांना काही होऊ देऊ नकोस. करार ने, गुडघे ने, काय वाटेल ते ने.

१३ मे

छातीत पेसमेकर बसवला. डॉक्टर म्हणाले की वाचल्या, पण आणखी पाच मिनिटं पाण्यात राहिल्या असत्या तर सांगता येत नव्हतं. क्लबने महिन्याभराच्या सगळ्या नोंदी पाठवल्या, त्यावरून काय झालंय ते लगेच कळलं. नोंदी उत्तम आहेत म्हणाले.

मी बायकोला म्हणालो की एका परीने पट्ट्यानेच त्यांना वाचवलं, आणि पट्ट्याशिवाय बसायचं नाही हा नियम माझा होता.

तिने विचारलं की आईचे ठोके चुकतायत हे तुला कधी कळलं.

काल कळलं म्हणणार होतो. जिभेवर आलं होतं.

चार तारखेला, म्हणालो. सकाळी.

तिला बोटांवर मोजायची गरज पडत नाही. तरी तिने मोजली. एक एक बोट. आठव्या बोटाशी थांबली, उठली आणि आईकडे आत गेली. मी बाहेरच बसून राहिलो. आत यायला तिने नाही म्हटलं नव्हतं.

१४ मे

कोचने फोन केला नाही. फिजिओचा मेसेज आला: टब न्यायला सोमवारी माणसं येतील, कोणीतरी घरी थांबा. खाली आणखी एक ओळ: आईंना कसं आहे?

उद्या गोलमध्ये दोन नंबर.

बायको माझ्याशी बोलते. औषध आण, किल्ली दे, सरक. तेवढंच.

१५ मे, संध्याकाळी ६.३०

भेटायची वेळ चार ते सहा. नेमकी मॅचची वेळ. वॉर्डात कोपऱ्यात टीव्ही आहे. सासूबाई उशांना टेकून बसल्या होत्या, त्यांनी सिस्टरला सांगून आवाज वाढवून घेतला. बायको पलंगाच्या त्या बाजूला, मी या बाजूला.

मी त्यांची माफी मागितली. सगळं सांगितलं. ग्राफ, टाळ्या, आठ दिवस, पहिल्या पानावरची सही, सगळं. तयारी करून आलो होतो, तरी मध्येच ततपप झालं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं की पण तुम्ही स्वतः का नाही बसलात त्या पाण्यात. मी म्हणालो की भीती वाटायची. नुसतं बघूनच वाटायची. त्या म्हणाल्या की हे पहिल्या दिवशी सांगायचं होतं. मग म्हणाल्या, आता गप्प बसा, मॅच बघू द्या.

शहाऐंशीव्या मिनिटाला समोरच्यांना पेनल्टी मिळाली. १-१. सगळा वॉर्ड थांबला, ऑक्सिजन लावलेले एक आजोबासुद्धा मान उचलून बघत होते. दोन नंबर गोलमध्ये उभा होता, हात पसरून, अजिबात न हलता. शेवटच्या क्षणापर्यंत थांबला आणि मग उजवीकडे झेपावला. बॉल बोटांना लागून बाहेर गेला.

सासूबाईंनी टाळी वाजवली. सिस्टर ओरडली की छातीला टाके आहेत. बायकोही टाळ्या वाजवत होती, मग माझ्याकडे बघून थांबली. मी वाजवत होतो म्हणून पुन्हा वाजवायला लागली.

सासूबाईंनी मला विचारलं की तुम्ही असता तर हा अडवला असता का.

मी विचार केला. खरंच विचार केला. म्हणालो की नाही, मी घाबरून आधीच डावीकडे पडलो असतो.

त्या म्हणाल्या की मलाही तसंच वाटलं होतं.